गौराचं अर्धं तिकीट

भुताखेतांची गोष्ट सांगणारा कुणी भेटला की मी त्याची उलटतपासणी घेतो. उजेड होता का, तुम्ही स्वतः पाहिलंत का, की मावसभावाच्या मित्रानं... बहुतेकांची गोष्ट तिथंच आटपते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळं खोड म्हणा हवं तर. आज माझीच गोष्ट सांगतोय. भर दुपारची आहे, आणि मी स्वतः तिथं होतो.

निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं. आम्ही तेरचे. माझी थोरली बहीण — अक्का — बार्शीला दिलेली. दाजी तिथं अडतीच्या दुकानात होते. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर, त्यामुळं मधे येडशीला करोडगिरीचा नाका. जकातीचे शिपाई डब्यात चढून माणसं आणि गाठोडी तपासायचे. अक्का लेकीला घेऊन माहेरी आली होती आणि नेमकी गावात पटकी आली. चौथं लागलेली गौरा सकाळी खेळत होती, दिवस मावळायच्या आत गेली. रझाकारांच्या धामधुमीमुळं दाजींना येताही आलं नाही. मळ्यात पुरलं तिला. माती मीच लोटली.

अक्का रडली नाही. तिनं एकच गोष्ट डोक्यात घेतली. तेव्हा तीन वर्षांखालच्या लेकराला गाडीत तिकीट नसायचं, त्यावर अर्धं. मग आयाबाया काय करायच्या? तिकिटाची खिडकी आली की पोर उचलून कडेवर घ्यायची आणि सांगायचं, "तीन व्हायचीत अजून." सगळ्याच करायच्या. अक्काही करायची.

"मल्लू," ती मला म्हणाली, "दर बारीला म्या तिला तीनच्या आत ठिवलं. द्येवानं ऐकलं माझं."

"असं असतं तर निम्म्या मराठवाड्यात पोरं उरली नसती, अक्का."

"एकदा दिसली तर माफी मागंन तिची. एकदाच दिसू दे."

एवढंच तिचं मागणं. अन्नावरची वासना उडालेली, नुसती हाडं राहिली. शेवटी आबांनी — आमच्या वडलांनी — तिला दाजींकडं पोचवायचं ठरवलं. आता तिकीट कुठलं काढायचं यावर घरात वाद. थेट बार्शीचं काढणारा राज्य सोडून पळून चाललाय असा संशय नाक्यावरचे शिपाई घ्यायचे त्या दिवसांत. आबा म्हणाले, "येडशीचंच काढ. फुडं बैलगाडी बघ." पण घाटातले बैलगाडीचे हिसके अक्काला सोसणार नव्हते. मी ठरवलं, थेट बार्शीच. काय व्हायचं ते होवो.

तेरच्या स्टेशनवर तिकीटबाबू नवीन होता, हैदराबादकडचा. मी दोन बार्शी मागितली. त्यानं जाळीला नाक लावून अक्काच्या बाजूला खाली पाहिलं.

"दो पूरे. और बच्ची का आधा?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलून गेली, "तीन व्हायचीत अजून, मास्तर. कडंवरच बसती."

सवयीनं. निव्वळ सवयीनं! बोलता बोलता ती वाकली, पोर उचलायला हात खाली गेले... आणि तसेच राहिले. तिचा तो चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

मला वाटलं, गडी चिरीमिरीसाठी नाटक करतोय. मी भांडायलाच उठलो. "कुठली बच्ची? डोळे हायत का?"

तो चिडला नाही. म्हणाला, "अरे भाई, पदर पकडके खडी है."

मी पाहिलं. अक्काचा पदर नुसता लोंबत होता. वारा नव्हता, काही नव्हतं. अक्कानं मला हातानं बाजूला सारलं.

"चौथं लागलंय तिला," ती म्हणाली. "अर्धं द्या."

गाडीत गर्दी. ढोकीकडून आलेली एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती, ती आपणहून सरकली. "बसू द्या की लेकराला खिडकीशी." अक्का बसली, मधे वीतभर जागा तशीच राहिली. माणसं उभी होती, लटकत होती, पण त्या जागेवर कुणी टेकलं नाही. मी समोर उभा राहून बघत होतो. मला नुसतं बाकाचं फळकुट दिसत होतं.

"मल्लू, तुला दिसती का?"

"न्हाय, अक्का."

"मला बी न्हाय."

त्या रिकाम्या जागेशी ती हळूहळू काहीतरी बोलत राहिली. येडशीला करोडगिरीचा शिपाई चढला. त्यानं बोटानं मोजलं — मी, अक्का, आणि बोट खिडकीकडं. तीन तिकिटं पाहिली, परत दिली, पुढं गेला. जास्तीचं तिकीट कुणाचं, हे तो आता विचारील म्हणून मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो. त्यानं विचारलंच नाही.

बार्शी आली. फाटकापाशी एक वयस्क तिकीट कलेक्टर होता. त्यानं तिकिटं घेतली आणि अक्का त्याच्यापुढंच थांबली.

"बाबा, पोर कशी दिसती ही?"

त्याला वाटलं, बाई आंधळी आहे. आवाज एकदम मऊ झाला त्याचा. "गोड हाय की, बाई. हिरवं परकर-पोलकं. अनवाणी हाय, आन् वाळा एकाच पायात. दुसरा पाडला जणू कुठं."

गौराला पुरण्याआधी माझ्या आईनं तिचे वाळे काढायला घेतले होते. एक निघाला. दुसरा निघेना, म्हणून तसाच ठेवला. हे घरातल्या आम्हा चौघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"रागावलीय का?" अक्कानं विचारलं.

"न्हाय वो. तुमच्याकडंच बघतीया सारखी."

अक्का तिथंच फाटकात खाली बसली आणि रडली. गौरा गेल्यापासून पहिल्यांदा. तो बिचारा कलेक्टर घाबरून पाणी आणायला धावला. परत येऊन त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि मला विचारलं, "पोर कुठं गेली?"

अक्का पुढं जगली. संसार केला, दोन मुलगे झाले, नातवंडं पाहिली. या गोष्टीची सगळ्या बाजूंनी उलटतपासणी माझी करून झालीय. बाबूला भास झाला म्हणू? मग म्हातारीला? शिपायाला? आणि त्या वाळ्याचं काय? पण मला छळतो तो प्रश्न वेगळाच आहे. चार परक्या माणसांना ती दिसली, ज्यांचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. मग आईलाच का नाही?

शेवटच्या आजारात अक्काची नजर गेली होती. मी उशाशी बसलो की ती पदराचं टोक माझ्यापुढं धरायची. म्हणायची, "मल्लू, जरा बघून सांग की. धरलाय का कुणी?"

मी दर वेळी नीट बघायचो.