कंदिलाचे पंख

मुलांनो, विमानात पट्टा बांधला की तुम्ही दोघं झोपून जाता, असं तुमची आई सांगते. मला नवलच वाटतं! आमच्या घाटकोपरच्या इमारतीवरून विमानं इतकी खालून जात की त्यांची चाकं दिसत. तोंडातला घास तसाच ठेवून मी गॅलरीत धावायची. मला विमानात बसायचं नव्हतं, स्वतः उडायचं होतं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी दहा वर्षांची होते, दादा तेरा. दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या बांधकामासाठी वाळू आली आणि ढीग पडला तो नेमका आमच्या पंपाच्या खोलीला टेकून. खोलीचं सपाट छप्पर माझ्या उंचीएवढं. चार पावलं धावायचं, की खाली मऊ वाळू. याहून चांगला विमानतळ कुठे मिळणार?

बाबा दरवर्षी आकाशकंदील घरीच करत. आम्ही त्यांच्या हाताखाली शिकलेलो, त्यामुळे पंखही तसेच केले. उरलेल्या बांबूच्या कामट्या, लाल पतंगी कागद, मैद्याची खळ. दोन दिवसांत माझ्या हातांहून लांब असे दोन पंख तयार झाले. दादाने ते नाडीने माझ्या दंडाला बांधले.

"तू हलकी आहेस म्हणून पहिली. पण एकच उडी हां. पडलीस तर पंख माझे."

"पडणारच नाही रे!"

धावले, हात पसरले आणि धप्प! धोंड्यासारखी सरळ खाली. नाकातोंडात वाळू.

"वाट लागली! काढ पंख, काढ," दादा वरून ओरडला.

तेवढ्यात बाबा बाजारातून आले. आता ओरडा बसणार, म्हणून मी डोळे मिटले. त्यांनी आधी माझे गुडघे पाहिले, मग एक पंख उजेडात धरला. प्रत्येक पंखाच्या मधोमध आम्ही वाटीएवढी गोल खिडकी ठेवली होती.

"हे भोक कशाला?"

"तुम्हीच सांगता ना, वाऱ्याला वाट ठेवली नाही तर कागद फाटतो!"

बाबा हसतच सुटले. "अगं, कंदिलाला टांगून राहायचं असतं, म्हणून वारा सोडून द्यायचा. तुला तर वारा धरायचाय!"

खळीची वाटी ते स्वतःच घेऊन आले. ठिगळं लागली.

"पण आता माझी पाळी," दादा कुरकुरला.

"चूक दोघांची, पण पडली ती एकटीच," बाबा म्हणाले. "म्हणून पुन्हा तीच जाईल. आणि उडी इथूनच. गच्चीकडे बघायचंही नाही."

मी धावले. कडेवरून पाय सुटले आणि काय सांगू, हातांना वर हिसका बसला! खरंच बसला! खांदे ओढले गेले, पायांना वाळू लगेच सापडेना. मग कागद टर्रकन फाटला आणि मी खाली.

दादाने फूटपट्टी आणून वाळूतल्या दोन्ही खड्ड्यांमधलं अंतर मोजलं. दुसरा नऊ इंच पुढे होता. नऊ इंच!

"चीटिंग! या वेळी तू जोरात धावलीस," तो म्हणाला.

धावलेही असेन. पण माझे खांदे वर ओढले गेले होते, ते त्याच्या फूटपट्टीला कुठून कळणार?