टायटलमधली पिवळी सायकल

कात्रीकाकांनी आजवर कात्री हातात धरलेली नाही. एडिटिंगचं सगळं काम माऊसवर. तरी नाव पडलं ते पडलंच. एका घरात बारा माणसं कोंडून भांडायला लावणारा एक रिअ‍ॅलिटी शो आहे, त्याचे भाग आणि सुरुवातीचं टायटल ते एडिट करतात. मी शेजारच्या टेबलावर आवाज जोडते आणि त्यांचा चहा पळवते.

त्या टायटलमध्ये ते दर वर्षी एक फ्रेम लपवत. एका सेकंदात पंचवीस चित्रं सरकतात, त्यातलं एक त्यांचं: दाराला टेकवलेली पिवळी सायकल. पापणी लवली की गेली. त्यांची लेक लहानपणी शाळेतून थेट इथं यायची. काका असंच काहीतरी लपवायचे आणि ती "थांबा" म्हणून बरोबर पकडायची. कधी मांजर, कधी तिचाच फाटका मोजा.

मोठी झाल्यावर तीच म्हणाली, "लोकांची भांडणं कापून-जोडून वाढवता, बाबा. लाज नाही वाटत?"

काका म्हणाले, "मग या घरात राहू नकोस."

रागात माणूस काय वाट्टेल ते बोलून बसतो. ती खरंच राहिली नाही. फोन नंबरही बदलला. याला चार वर्षं झाली.

तेव्हापासून ही सायकल, तिची शाळेतली. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, असला शो ती चुकूनसुद्धा बघायची नाही."

"माहितीये गं. पण दुसरं मला येतं काय?"



परवा सकाळी साहेब एक कागद नाचवत आले. प्रेक्षकाची तक्रार होती, खाली ना नाव ना पत्ता. 'टायटलमध्ये अकराव्या सेकंदाला सायकल दिसते. घंटी उजवीकडे आहे. ती डावीकडे होती. चित्र उलटं लागलंय.'

"सायकल कसली? आजच्या आज काढा," म्हणून साहेब गेले.

काकांनी कागद दोनदा वाचला. पाकिटातला तिच्या सायकलचा जुना फोटो काढून पडद्याशेजारी धरला. घंटी डावीकडेच होती. चार वर्षांपूर्वी फोटो कॉम्प्युटरवर चढवतानाच चित्र उलटं लागलं होतं, आणि फ्रेम न् फ्रेम तपासणाऱ्या या माणसाच्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे बघते ती," काका म्हणाले.  माझे डोळे भरले, खोटं कशाला सांगू.

सायकल काढायचा हुकूम होता. काकांनी ती सुलटी केली आणि होती तिथंच ठेवली. या वेळी दोन फ्रेम, तिला थांबवायला सोपं जावं म्हणून.