खांबावरचा गुंडूअण्णा

गच्चीवर सोलरचे पॅनेल बसले, तरी सुविधाच्या मनात खांबावर चढलेला गुंडूअण्णा काही खाली उतरत नव्हता. निपाणीतल्या तिच्या गल्लीचा तो लाईनमन. नेट मीटर लागला की घरात वापरून उरलेली वीज बाहेरच्या तारेत जाणार, आणि त्या तारेला हात लावणारा माणूस तोच. लाईन बंद आहे म्हणून तो वर चढला आणि आपल्या गच्चीवरून करंट गेला तर?

ही धास्ती उगाच नव्हती. गुंडूअण्णाचा जोडीदार परशराम असाच गेला होता. लाईन बंद होती, पण एका लग्नघरातल्या जनरेटरची वीज उलटी तारेत आली. तेव्हापासून गुंडूअण्णा चढण्याआधी जनरेटरवाल्या एकेका घराला फोन करी. "बंद केलासा न्हवं?" एवढंच विचारी. 'व्हय' ऐकल्याशिवाय त्याचा पाय शिडीला लागत नसे.

सुविधानं त्याला विसरणं शक्यच नव्हतं. लेक तेजस्वी लहान असताना दम्यानं निळी पडली होती, आणि फांदी कोसळून लाईट गेलेली. वाफ द्यायचं मशीन बंद. तशा पावसात गुंडूअण्णानं तार जोडली, निथळत दारात आला आणि विचारलं, "पोरगी श्वास घेतीया न्हवं?" तीच पोरगी आता बेळगावात इंजिनिअरिंग शिकत होती. सोलरचा हट्टही तिचाच.

तपासणीचा दिवस ठरला तेव्हा सुविधानं नवऱ्याला, बुद्धप्रियला, स्पष्ट सांगितलं की गुंडूअण्णाला धोका नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मीटर नको. त्यानं कपाळाला हात लावला. मीटरसाठी वीज ऑफिसच्या खेपा घालून त्याच्या चपला झिजल्या होत्या.

ऑफिसातून इंजिनिअर बाई आल्या, सोबत गुंडूअण्णा. सुविधानं चाचरतच आपली भीती सांगितली. बाई हसल्या नाहीत. बाहेरची लाईन गेली की गच्चीवरचं मशीन आपोआप थांबतं, आणि आज तेच तपासायला आलोय, असं त्यांनी कानडी वळणाच्या मराठीत समजावलं. भर उन्हात गुंडूअण्णानं मेन स्विच पाडला. मशीनचा दिवा विझला. त्यानं बाहेर जाणाऱ्या तारेला टेस्टर लावला. तार थंड. सुविधाचा चेहरा बघून त्यानं पुन्हा एकदा तेच केलं.

"आक्का, माझी बायको माझ्यापायी एवढी भ्याली असती तर रोज गरम भाकरी मिळाली असती," तो म्हणाला. मग टेस्टर खिशात घालताना त्याचा आवाज खाली आला. "लाईट कवा येणार, एवढंच इचारत्यात समदी. माझं कुणी इचारलं न्हवतं."

सुविधानं त्याला खीर वाढली. वाटी रिकामी होताच तिनं ती पुन्हा भरली. त्याच दुपारी नवा मीटर बसला.

पुढं एकदा ऐन दुपारी लाईट गेली. गल्लीच्या टोकाला गुंडूअण्णानं शिडी लावली होती आणि फोन कानाला होता. सुविधाचा फोन वाजला नाही. वाजायचं कारणही नव्हतं. गच्चीवरचं मशीन केव्हाच थांबलं होतं, आणि त्यावर दोघांचाही विश्वास होता. तरी ती जिन्यानं वर गेली आणि सोलरचा स्विच हातानं खाली ओढला. त्यानं आजवर प्रत्येक दाराला विचारलं. आपल्या दारानं तरी त्याला न विचारता सांगावं, असं तिनं ठरवलं. त्याचा पाय शिडीला लागायच्या आत तिनं त्याचा नंबर लावला.