वाचली की वारली

माझी आई जिवंत असताना मी तिला एकदा मारलं होतं. भर अंगणात, मोठ्यानं वाचून.

आज सकाळी कलामावशी गेली. साठ वर्षांपूर्वीची, पोटात ठेवलेली गोष्ट आज सांगूनच टाकते.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. अमडापूरजवळचं आमचं खेडं. मी पाचवीत, अन् वाचण्यात एकदम फास्ट. गल्लीतल्या बाया मला बोलावून पत्रं वाचून घ्यायच्या. डोक्यात हवा गेली होती, स्पष्टच सांगते.

कलामावशी आमच्या मळ्यात आईसोबत भाजी तोडायला यायची, येता-जाता 'जयभीम' म्हणायची. प्रौढांच्या वर्गात नुकतीच अक्षरं शिकलेली. एकेका अक्षरावर बोट ठेवायची, ओठ हलवायची, शब्द जुळला की मगच पुढं सरकायची. तिची एक ओळ होईस्तोवर माझं पान व्हायचं.

मी फिदीफिदी हसायची.

"हास वं बाई," ती म्हणायची. "तुले गुरुजीले दाखवासाठी वाचा लागते. मले समजासाठी वाचा लागते."

त्याच साली आई बाळंतपणात अडली. बाबा तिला बैलगाडीनं सडकेपर्यंत अन् तिथून एसटीनं बुलढाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेले.

चार दिवस काही खबर नाही. फोन कुठला तेव्हा!

पाचव्या दिवशी बाबांचं कार्ड आलं.

कोपरा फाडलेला.

आमच्याकडे मयताच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. मी कार्ड हातात घेतलं. पेन्सिलीचं अक्षर, तेही पुसट. नजर भरभर खाली घसरली अन् तोंडातून निघालं,

"लय तरास झाला. लेकरू गेलं. ती पहाटे वारली."

आजीनं हंबरडा फोडला. बाया धावत आल्या.

गर्दीतून कलामावशी पुढं आली. "आण ते कारड."

"मावशी, कोपरा..."

"कोपरा राहू दे. मले अक्षर पाहू दे."

ती खाली बसली. बोट ठेवलं. प... हा... टे...

"वा" नंतर बोट थांबलं. किती वेळ थांबलं, देवा! तिनं माझ्याकडे पाहिलं. परत कार्डाकडे पाहिलं.

"च," ती म्हणाली. "वाचली. तुही माय वाचली वं पोरी! कोपरा लेकराचा हाये."

मी तिला जी मिठी मारली, ती सोडेचना. आई येईपर्यंत मी तिच्याच कुशीत झोपले.

तीन दिवसांनी आई गाडीतून उतरली. पिवळीधम्मक पडलेली, हात रिकामे. पण आई होती.

फास्ट वाचणारा अर्धं तर अंदाजानंच वाचतो, हे मला पुढं मास्तरीण झाल्यावर कळलं. कोपरा पाहिला तेव्हाच मी आईला मारून मोकळी झाले होते. हे एकदा मावशीला सांगितलं.

ती म्हणाली, "एक सांगू? मले ते अक्षर लागलंच नोतं. र हाये का च, काईच समजे ना."

मी विचारलं, "मग च काऊन म्हणलं?"

"तुह्यं तोंड पाहून."

"अन् आई आलीच नसती तर?"

"तेच भेव होतं न माय. तिन्ही दिवस सडकेवर जाऊन बसो मी. एसटी दिसली का जीव उडे. वाटे, आता तुहे बाबा एकटेच उतरतीन, अन् तू माह्याकडे पाहशीन."

आई त्यानंतर चाळीस वर्षं जगली. तिला हे आम्ही दोघींनीही कधी सांगितलं नाही.

मावशी, त्या तीन रात्री मी तुझ्या कुशीत गाढ झोपले. तू डोळ्याला डोळा लावला नव्हतास.

जयभीम. सावकाश जाजो.