माझ्या पगारासाठी चार बायका

"तुम्ही गप बसा, ताई. आज बोलणार आम्ही," सुमनबाईंनी मला जिन्यातच दम भरला.

आमच्या ट्रस्टचं ऑफिस पर्वत पाटिया भागात, दुसऱ्या मजल्यावर. माझ्यामागून चार बायका जिना चढत होत्या. त्या माझ्या पगाराचं बोलायला निघाल्या होत्या. माझ्या! मी त्यांची सोशल वर्कर आणि त्या माझी वकिली करणार! नको, नको म्हणून माझं तोंड दुखलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बमरोलीच्या वस्तीत काम करायचे. ट्रस्टची तिथे बालवाडी होती. तिच्या दोन शिक्षिका आणि फील्डवर मी, एम.एस.डब्ल्यू. करून आलेली. वस्तीतली माणसं खानदेशातून या गुजराती कापडनगरीत पोटासाठी आलेली. पुरुष कापड विणायच्या लूमवर, बायका घरी जॉबवर्क करायच्या. म्हणजे शेठ साड्यांचे गठ्ठे घरी पाठवणार, बायकांनी लोंबणारे धागे कापून, घड्या घालून परत द्यायचे. साडीमागे ठरलेला भाव. एकटी-दुकटी भाव वाढवून मागायला गेली की शेठ हाकलून द्यायचा. सगळ्यांनी मिळून जायचं, हे मी त्यांना शिकवलं. शेठनं चहा मागवला तरी बोलणं होईपर्यंत प्यायचा नाही, हेही मीच शिकवलं. एकदा त्याचा चहा प्यायला की मग जीभ जड होते.

माझ्या पगाराला मात्र पगार म्हणत नसत. मानधन म्हणत. मानधन म्हणजे सुट्टीचे पैसे नाहीत, दरवर्षी वाढ नाही आणि मागायचीही सोय नाही. मागितलं की तुमच्या सेवाभावावरच शंका. लूमवरचा कारागीर माझ्यापेक्षा जास्त कमवायचा. नवऱ्याची पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंग युनिटमध्ये नोकरी होती तोवर निभावलं. ते युनिट बंद पडलं आणि घरमालक भाड्यासाठी दारात उभा राहायला लागला. शेवटी मी मार्केटमधल्या एका साडीच्या दुकानात नोकरी ठरवली. काउंटरवर बसून बिलं फाडायची, पगार दुप्पट. वस्तीत निरोप घ्यायला गेले.

"तुमना पगार कितला शे?" सुमनबाईंनी विचारलं. या अंमळनेरकडच्या, चौघींत मोठ्या.

मी आकडा सांगितला. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"मंग मांगतस का नही?"

"अहो, सेवेचं काम आहे ते..." मी काहीतरी पुटपुटले. त्यावर चौघी अशा काही हसल्या की मला कुठे तोंड लपवू असं झालं. आणि दुसऱ्या दिवशी साड्यांचे गठ्ठे तसेच ठेवून माझ्याबरोबर रिक्षात बसल्या.

आमच्या गुजराती ट्रस्टींना सगळे काका म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. वस्तीतलं पोर आजारी पडलं की स्वतःच्या खिशातून औषध आणायचे. त्यांनी चहा मागवला. एकीनंही कपाला हात लावला नाही.

"पहले बात, काका," सुमनबाई म्हणाल्या.

विषय ऐकून काका माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

"बेन, आ तो सेवा छे. सेवा को पैसे में नहीं तोलते."

"बराबर. तो ताई का घरमालिक भाड़ा सेवा में छोड़ देगा? आप बोल के देखो."

मला हसू दाबताना पदर तोंडाला लावावा लागला. काकांनी मग ग्रँटचं सांगितलं. ग्रँट म्हणजे कामासाठी बाहेरून मिळणारी मदत. त्यात पगार वाढवायला जागाच नाही म्हणाले.

"ग्रँटवाले मेहमान आते, तब आप हमको बुलाते," सुमनबाई म्हणाल्या. "हम अच्छी साड़ी पहन के बैठते, आप फोटो निकालते. उस दिन की हमारी रोजी जाती. कभी माँगी? अगली बार हम नहीं आएँगे, खाली सतरंजी का फोटो निकालना."

बाप रे! पहिल्यांदा शेठकडे नेलं तेव्हा हीच बाई माझ्या पाठीमागे लपून उभी होती. आज तिचा आवाज चढला नव्हता, हात हलला नव्हता, आणि ती काकांना त्यांचाच हिशेब मांडून दाखवत होती. इतका अभिमान मला माझी पदवी हातात आली तेव्हाही वाटला नव्हता.

काका मुरलेले व्यापारी. म्हणाले, "ठीक है. ताईंचं दीडपट करतो, याच महिन्यापासून. बालवाडीच्या दोघींचं पुढच्या वर्षी बघू."

दीडपट! भाडं सुटत होतं. हो अगदी ओठांवर आलं होतं. पण शेठलोकांचा हा डाव आम्हाला पाठ होता. एकीचा भाव वाढवायचा, बाकीच्यांना लटकवायचं, की एकी फुटलीच. मी सुमनबाईंकडे पाहिलं. मला गप बसवणारी ही बाई आता ढिम्म! खुशाल खिडकीबाहेर बघत बसलेली.

"तिघींचं करा, काका," मी म्हणाले. "नाहीतर मी चालले दुकानात."

काकांनी वही काढून आकडे मांडले. शेवटी तिघींचं वाढलं. दीडपट नाही, सव्वापट. पण त्याला पगार म्हणायचं, सुट्टीचे पैसे द्यायचे, दरवर्षी थोडी वाढ द्यायची, हे त्यांनी कबूल केलं. मग चौघींनी गार झालेला चहा प्यायला. मला तेवढ्यात भागत नव्हतंच. संध्याकाळच्या दोन शिकवण्या धरल्या आणि राहिले. निवृत्त होईपर्यंत राहिले.

त्या दिवशी खाली रस्त्यावर आल्यावर मला रडू आवरेना. सुमनबाईंचा हात धरून म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"कसाना उपकार?" त्यांनी हात सोडवून घेतला. "आमनी आजनी रोजी बुडनी. रिक्षाना पैसा तुम्ही द्या."

दिले. जायचे आणि यायचेही. तेव्हापासून कुणी मला सेवा म्हणून काही करायला सांगितलं, की मी आधी विचारते, रिक्षाभाडं कोण देणार?