पहिला नारळ

माझ्या टेबलावर नारळ ठेवला होता. हजेरीपटाला चिकटून. शेजारी लिंबू, कुंकवाची पुडी. मी खुर्चीत दोन्ही पाय वर घेऊन, गुडघे पोटाशी आवळून बसले होते. समोर संस्थेचे अध्यक्ष. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. देवळाच्या पालखीचा पहिला मान त्यांच्या घराचा. त्यांनी माझ्या कपाळाला अंगारा फासला आणि विचारलं, "कोन हायस तू? काय दिलं म्हंजे जाशील?"

मी म्हणाले, "बिस्कुट."

सगळे हसले. मुख्याध्यापक, दोन शिक्षिका, दारात उभे असलेले शिपाई मामा. मामांनी खरंच एक पुडा आणून दिला. मी तो दातांनी फोडला आणि खाल्ला. चुरा तोंडाला तसाच. अण्णा म्हणाले, "खाल्लंस ना? आता सोड हिला. जा." मी त्यांच्याकडे बघून विचारलं, "मी कुठं जाऊ?"

पुन्हा हसले.

यातलं मला काहीही आठवत नाही. हे सगळं मी दुसऱ्या दिवशी मोबाईलवर पाहिलं. कोणीतरी शूटिंग करून शाळेच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथून ते पोलादपूरच्या बाजारात फिरलं आणि संध्याकाळपर्यंत उमरठच्या बाजूला आमच्या बौद्धवाडीत पोचलं. मी एकोणतीस वर्षांची. पदवीधर. शाळेतली लिपिक. मोबाईलमधला आवाज मात्र आठ वर्षांच्या पोरीचा. अंगावर माझीच साडी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला त्या हसणाऱ्यांचा राग आला नाही, हे आधी सांगते. मला त्या पोरीचा राग आला.

झालं होतं एवढंच. एका मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मी लिहायला घेतला. वरच्या चार ओळी माझ्या अक्षरात. खालच्या ओळी डाव्या हातानं लिहिलेल्या, मोठ्या, वेड्यावाकड्या. मुख्याध्यापक माझ्यावर ओरडले. पुरुष मोठ्यानं ओरडला की मी तिथं राहत नाही. हे असं आधीही व्हायचं. तास-दोन तास कुठे गेले ते कळायचं नाही. त्या दिवशी अण्णा बैठकीला आले होते. त्यांनी मला बघितलं आणि दोन शब्दांत निकाल दिला. वारं हाय.

आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी ते नदीत सोडले. बाप दर मार्चला महाडला तळ्यावर जातो, पांढरा सदरा घालून. त्यानं तो व्हिडिओ पाहिला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आपल्यात वारं येतं, असं वाडी बोलतेय. देव सोडले ते ह्याच्यासाठी? मी तोंड कुनाला दाखवू?" नारळ ठेवणाऱ्याला तो काही बोलला नाही. मला बोलला. आणि मला ते बरोबर वाटलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मुंबईला कामाला असलेली माझी मावसबहीण मला तिकडे सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. चार-पाच फेऱ्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. मी म्हटलं, मराठीत सांगा. त्यांनी सांगितलं ते असं. लहान पोराला सोसवणार नाही असं काही पुन्हा पुन्हा घडलं की त्याचं मन एकजीव घडतच नाही. सोसणारा भाग वेगळा राहतो. त्याला स्वतःचं वय असतं, आवाज असतो, अक्षर असतं. भूत नाही, ढोंग नाही. तो भाग कुणाच्या जिवावर उठत नाही. बहुतेक वेळा स्वतःच घाबरलेला असतो.

मी विचारलं, "तिला घालवायचं कसं?"

बाई म्हणाल्या, "याआधी कधी घालवायला गेला होतात का?"

गेले होते. अण्णांच्या आधी एक वर्ष. वेळ हरवायला लागली, वहीत मी न काढलेली चित्रं सापडायला लागली, तेव्हा रजा टाकून, दोन एसट्या बदलून, शिवथरच्या खोऱ्यात एका भगताकडे गेले होते. तिकडे मला कोणी ओळखत नाही म्हणून. नारळ मी स्वतः महाडच्या बाजारात घेतला. पदरात झाकून नेला. ज्या घरातून देव बाहेर पडले त्या घरची शिकलेली मुलगी. भगतानं विचारलं, काय दिलं म्हणजे जाशील? आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, जा, जा, जा. पहिला नारळ मीच ठेवला. अण्णांचा दुसरा.

हे मी बाईंना सांगितलं आणि पहिल्यांदा रडले.

आठव्या वर्षी मला शिकायला मुंबईत एका नातेवाइकाच्या खोलीवर ठेवलं होतं. दुपारी त्याची बायको कामावर जायची. तो दार आतून लावायचा. पुढचं मला आठवत नाही. छोटीला आठवतं. मी तिला आता छोटी म्हणते. माझ्या वाटचं तिनं भोगलं, म्हणून मी पाढे पाठ केले, वर्गात पहिली आले, पदवी घेतली. आणि मी तिलाच हाकलायला निघाले होते. त्या व्हिडिओची लाज आता मला वाटत नाही. या गोष्टीची वाटते. ती राहील.

रजा संपवून शाळेत गेले. अण्णा मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले होते. माझी नोकरी अजून कायम नाही. कायम करण्याच्या कागदावर त्यांची सही लागते. त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. "लिही. मी अंगात आल्याचं ढोंग केलं, शाळेची माफी मागते. मंग सही करतो." मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "लिहून टाका, मॅडम. विषय संपवा."

मी पेन उचललं. चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. "दाखला चुकला, ती चूक माझी. तो मी दुरुस्त करून दिला आहे. मला आजार आहे, उपचार चालू आहेत. मी ढोंग केलेलं नाही."

अण्णा म्हणाले, "सही नाय व्हायची."

मी म्हटलं, "नका करू. पण तिला परत कोणी काही विचारायचं नाही."

"कुनाला?"

"तुम्ही जिच्यापुढे नारळ ठेवला, तिला."

त्यांनी सही केली नाही. व्हिडिओबद्दलचा तक्रारअर्ज मी पोलादपूरला जाऊन दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे. बापाला भगताचं सांगितलं, तो उठून बाहेर गेला. अजून धड बोलत नाही. मी रोज साडेदहाला खुर्चीत बसते. दोन्ही शिक्षिकांना आणि मामांना सांगून ठेवलंय. मी बदललेली दिसले तर ओरडू नका, हात लावू नका, हसू नका. पाणी द्या आणि ही शाळा आहे, दार उघडं आहे, एवढं सांगा. मामांनी मान हलवली. बाकीच्यांचं माहीत नाही.

बाईंनी एक वही करायला सांगितली आहे. त्यात मीही लिहिते, तीही लिहिते. परवा उघडली तर डाव्या हाताच्या मोठ्या अक्षरांत एकच ओळ होती. मी कुठं जाऊ?

मी खाली लिहिलं. कुठंच नाही. ही खुर्ची तुझीपण आहे. यापुढे कोणी नारळ घेऊन आलं, तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल.