कंदील विझला नव्हता

शेतातली जुनी विहीर वाटणीत माझ्याकडे आली, म्हणून मोठ्या भावानं तिच्यात भिजून सडलेलं सोयाबीन ओतलं. ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही. हळदीच्या पिकाला पाणी हवं होतं, तेव्हा गाळ काढायला इंझोरी गावचा एक गडी बोलावला.

आमच्याकडे विहिरीत उतरण्याआधी दोरानं कंदील खाली सोडतात. विझला तर उतरायचं नाही. आमचा पेटता राहिला. तरी गडी म्हणाला, खालून सडक्या अंड्यांसारखा वास येतो, दुपारपर्यंत वरून पाणी ओतून हवा हलवावी लागेल. मी घासाघीस करून अर्धा दिवस एका तासावर आणला, तासाचा पाव तास केला. आयुष्यात जे कमावलं ते असंच. काठावर वाकून भांडता भांडता मला वास येईनासा झाला.

"वास गेला," मी म्हणालो.

तो लांब जाऊन परत आला, हुंगलं. "भाऊ, हाये अजून."

"तुझ्या नाकाले मजुरी वाढवून पायजे."

रागाच्या भरात मीच उतरलो. कमरेला दोर बांधल्याशिवाय मात्र त्यानं सोडलं नाही. गाळाला पाय टेकले आणि ते माझे राहिलेच नाहीत. कंदील शेजारी जळत होता. वर आभाळाचा गोल दिसत होता, छातीत हवा भरत होती, तरी गुदमरत होतो. हाक मारायची होती, जीभ हलेना.

शुद्ध आली ती वाशिमच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, विहिरीतला तो सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू आपलं शरीरही कणभर तयार करतं. पेशी त्यातूनच एकमेकींना निरोप देतात: रक्तवाहिन्या सैल करा, ऊर्जा अमुक वेगानं जाळा. तोच वायू भरमसाट आत गेला की पेशीतली भट्टी बंद पडते. हवा असते, पण वापरता येत नाही. नाक तर त्याआधीच बधिर होतं.

हे भावाच्या सोयाबीनमुळे झालं असं लिहून द्याल का, मी विचारलं. ते म्हणाले, "झोपा."

मी घरी परतल्यावर गड्यानं विहिरीत पाणी ओतायला घेतलं. मला त्यानं लांब बाभळीखाली बसवलं. बांधावरून मोठा भाऊ म्हणाला, "काहून बसून राह्यला? उतर ना."

मी उठायला हात टेकले. गड्यानं बादली थांबवून नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी परत बसलो. दुपार व्हायला अजून बराच वेळ होता.